सफरचंदाला दिलेला ताण

ब्रेकनजवळ, वेल्स
३ डिसेंबर १९८७

तीर्थरूप दादांना सुप्रभाचा नमस्कार.

सफरचंदाच्या बुंध्याभोवती ताडपत्री पसरून तिच्या चौथ्या कोपऱ्यावर दगड ठेवत होते, तेवढ्यात शेजारचे म्हातारे प्रोबर्ट कुंपणाशी येऊन उभे राहिले. "डॉक्टर, झाडाला रेनकोट घालताय का?"

मी सांगितलं, माझ्या वडिलांची संत्र्याची बाग आहे. बहार धरायचा तर ते आधी झाडाचं पाणी तोडतात, ताण देतात. इथे पाऊस थांबतच नाही, म्हणून ही ताडपत्री.

प्रोबर्ट पोट धरून हसले. मग म्हणाले, "सफरचंदाला तहान नको, थंडी हवी. ती आमच्याकडे भरपूर आहे. वडिलांना विचारा हवं तर."

म्हणून विचारते. खरं असेल का?

घर उबदार आहे. ड्यूट्या बेताच्या आहेत. भाकरी आता फुगते. तुम्ही रात्री नीट जेवता का? धाकटा विलास लिहितो, आई गेल्यापासून तुम्ही बागेतच झोपता. थंडीत तरी घरात झोपा.

झाड फुललं की येईन म्हणालात, त्याला तीन वर्षं झाली. ताडपत्री त्यासाठीच होती, दादा. फुलांची वाट पाहू नका. मे महिन्यात या. नाहीच फुललं, तर तुम्हीच त्याला रागवा.

तुमची,
सुप्रभा

ता. क. काल पत्र टाकायचं राहिलं. आज सकाळी उठले तर परसदार बर्फानं पांढरं झालं होतं. ताडपत्री काढून कोळशाच्या ढिगावर घातली.