उसना गळा

९ जानेवारी
पोचलो एकदाचा! तीन दिवस उंटावर बसून ढुंगणाची पार चटणी झाली. रिवाजाप्रमाणं लांबूनच ओरडलो, "कुत्रं धरा!" आतून खांदआजी म्हणाल्या, "धरलंय, या!" नमद्याचं, दाबलेल्या लोकरीच्या जाड कापडाचं घर उबदार, चूल धडधडती, शेळ्या दोनशे. मी सपाटीचा गडी. आजी म्हणाल्या, तू शेळ्या राखणार की शेळ्या तुला? आजी आणि त्यांचे यजमान गोंचिगबाबा खो खो हसले. मीपण.

१२ जानेवारी
गोंचिगबाबांनी खडकावर मुतल्याची खूण दाखवली. उग्र वास. हिमबिबट्याचा. इथं त्याचं नाव घेत नाहीत, 'राखाडा' म्हणतात. सध्या त्याचे मादी हुडकायचे दिवस. झोपताना शेपटी नाकावर ओढून घेतो म्हणे. एक शिकार आठवडाभर पुरवून खातो, तिला हात लावायचा नाही. डरकाळी मात्र त्याला येत नाही. देवानं गळा दिला नाही, म्हणून उसना घेतो, म्हणाले बाबा. मी हसलो. ते नाही हसले.

१५ जानेवारी
सुनेचे दिवस भरलेत. आजी-बाबा दोघं तिच्याकडं खिंडीपलीकडं गेली, बंदूकही नेली. आठ-दहा दिवसांत येणार. तोवर मी, शेळ्या आणि बासार कुत्रा.

१८ जानेवारी
बर्फानं खिंड बंद. ओढ्याकडं रानबोकड मरून पडलेला, अर्धा खाल्लेला. पिठाच्या पेजेला विटलो होतो. एक तंगडी कापून आणली. बासारलाही दिली. बघतंय कोण?

२० जानेवारी
माझ्या बुटांच्या ठशांत त्याचे पंजे. प्रत्येक ठशात, बरोब्बर मधोमध, दारापर्यंत. उरलेलं मटण परत ठेवायला गेलो. बोकड तिथं नव्हता.

२२ जानेवारी
बासार मेला. अंगाला ओरखडा नाही. गळा तेवढा नाही.
दुपारी बाहेर बासार भुंकला.

२३ जानेवारी
बाबा आले! "कुत्रं धरा!" बाबांचाच आवाज. आनंदानं ओरडलो, "धरलंय, या!"
मग आठवलं, कुत्रं कुठाय. फटीतून पाहिलं. उंट नाही. माणूस नाही. नुसते पंजे.
बाबांचा गळा—
आणि 'या' म्हणालो मीच.

२५ जानेवारी
शेण्या संपल्या, ढीग बाहेर आहे. शेळ्या गप्प. दाराशी आजी हसतायत, तू शेळ्या राखणार की— पुन्हा तेच. पुन्हा तेच. कान दाबून बसलो.

२६
बोलायचं नाही. लिहायचं फक्त. छताचा नमदा खाली वाकलाय. धुराच्या भोकातून शेपूट लोंबतंय, जाड, राखाडी—
आत्ता वरून कुणी ओरडलं, कुत्रं धरा. आवाज माझा. माझाच.
हाक मारून बघतो, माझा आहे का अजून—
तोंड उघडलं
नाही निघत, आई गं, नाही निघ