वानरीची धाकटी बहीण

९ नोव्हेंबर

प्रिय ताई,

नमस्कार. तुझं पत्र परवा पोचलं. मी बरी आहे. गुडघा कुरकुरतो, पण चालतो. थंडी लवकर पडलीय. प्राणिसंग्रहालयात वानरांच्या पिंजऱ्यांना पडदे लावायचं काम नेहमीप्रमाणे माझ्याच गळ्यात पडलंय.

तू लिहितेस, बबडी तुझ्या हातचा घास घेत नाही, 'मला मावशीकडे सोड' म्हणून दाराशी बसते. 'महिना झाला तिला माझ्याकडे आणून, मी हरले, येऊन घेऊन जा तिला,' असं तुझं म्हणणं. ताई, खोटं कशाला बोलू, वाचून मला आनंदच झाला. मी लगेच बॅग भरायला घेतली. पण गेल्या आठवड्यात इथे जे घडलं ते काही डोक्यातून जाईना.

आमच्या एका वानरीला पिल्लू झालं. वानरांत आई पिल्लू बिनदिक्कत दुसरीच्या हाती देते, तेवढ्यात स्वतः पोटभर खाऊन घेते. आमचे डॉक्टर म्हणतात, पोरसवदा माद्यांना त्यातून पिल्लू सांभाळायची सवय होते, शिवाय बहिणीचं पिल्लू म्हणजे थोडंफार आपलंच रक्त. तर हिच्या धाकट्या बहिणीने पिल्लू घेतलं, ते परत देईचना. आई हात पुढे करायची, ही पाठ फिरवायची. मला इतकं गोड वाटलं की मी वहीत लिहिलं, 'पिल्लू मावशीजवळ, मजेत.' खरं तर तिथल्या तिथे सोडवून आईकडे द्यायला हवं होतं. वीस वर्षं हेच करतेय मी. दुसऱ्या दिवशी दुपारी पिल्लू गेलं. उपाशी. मावशीला दूध कुठून असणार? तरी ती त्याच्या केसांतून बोटं फिरवत बसली होती.

डॉक्टर एवढंच म्हणाले, "बाई, तुमच्या नजरेतून कसं सुटलं हो?"

सुटलं नव्हतं, ताई. मला ती धाकटीच बरोबर वाटत होती.

भावजी गेल्यावर तू दोन वर्षांची पोर माझ्या कडेवर देऊन परगावी नोकरीला गेलीस. सहा वर्षांत तुला दोनदाच सुट्टी मिळाली. दर रविवारी तू फोन करायचीस आणि मी सांगायचे, झोपलीय, खेळायला गेलीय. मीच तिला बाहेर पिटाळलेलं असायचं. घरी आली की विचारायची, "आईचा फोन आला होता?" मी म्हणायचे, "आईला कुठली गं सवड!" आधी वाटायचं, तुझा आवाज ऐकून दिवसभर रडते, कशाला उगाच. पुढे तेही कारण उरलं नाही. ती मलाच बिलगलेली हवी होती मला. शेवटी तिने विचारणंच सोडलं.

तेव्हा घास घेत नाही यात तुझं काही चुकलेलं नाही. आई आपल्याला विसरली, हे मी तिला शिकवलंय.

मी येणार नाही. बॅग रिकामी केली.

हे पत्र तिला वाचायला दे. तू सांगितलंस तर तिला खरं वाटणार नाही. माझं अक्षर ती ओळखते. खूप चिडेल. कदाचित पुन्हा माझं नाव काढणार नाही. तिची समजूत घालू नकोस, माझी बाजू तर मुळीच घेऊ नकोस. फक्त त्या दिवशी कामावर जाऊ नकोस. रडताना तिला कुणाची तरी कूस लागते. या वेळी ती तुझी असू दे.

तुझी धाकटी बहीण
(तिची मी कोण, ते तिलाच ठरवू दे.)