आधीचा फोटो

३ जानेवारी
पाठी, पाठी, नुसत्या पाठी. व्यसनमुक्ती केंद्राचं इन्स्टाग्राम माह्याकडं देऊन चार महिने झाले. साठ फोटो, साठही माणसं पाठमोरे. पाहणाऱ्याले वाटत असन हे न्हाव्याचं दुकान हाय. एकही जण तोंड दाखवत नाही. 'पोरीचं लगन करा लागते बापू, तोंड नोको घेऊ.' केंद्र चालवणारी वैजयंतीताई म्हणते, 'ऋषिकेश, देणगीवाले चेहरा मागून राह्यले. चेहऱ्याबिगर त्याईले खरं वाटत नाही.'
आता चेहरा कुठून आणू?

४ जानेवारी
आणला. माहाच.
ताई वाशिमले गेल्ती. मी मेडशीच्या बसस्टँडमागं लोळलो. केस इस्कटले, बटनं एक घर सोडून लावले, एक चप्पल पायात, एक हातात. माह्या दोस्तानं, विकासनं, फोटो काढला. हासू हासू त्याचा मोबाईलच हालून राह्यला होता. मंग घरी आंघोळ, पांढरा शर्ट, दुसरा फोटो. दोन्ही बाजूबाजूनं टाकले — 'आधी' अन् 'आता'. खाली लिवलं : ऋषिकेश, मेडशी. चौदा महिने झाले, थेंब नाही.
खोटं थोडी हाय? जलमून एकवीस वर्सं झाले, थेंब नाही.
विकास म्हणे, 'इतकं बराबर कुठी शिकला बे?' घरीच, म्हटलं. माहा बाप शिंपी. दिवसभर गावाचे बटनं लावते. सांजच्याले सोताचे लावता येत नाही.

६ जानेवारी
तेरा हजार लोकाईनं पाह्यला! उद्या ताई आली की सांगतो, गंमत केली. काढून टाकतो.

७ जानेवारी
नाही सांगता आलं. ताई आली ते डोळ्यात पाणी घेऊनच. 'वीस वर्सं झाले हे काम करून राह्यली मी. समोरचा पोरगा मले वळखू नाही आला.' मी तोंड उघडलं होतं. तिनं डोक्यावर हात ठेवला.
बंद केलं.

११ जानेवारी
चहाटपरीवाला राजू म्हणे, 'या, सुधारलेले या.' सगळे हासले. मीही हासलो. दुसरं काय करू?
मायले बाया इचारतात, 'तुह्या घरी दोन-दोन होते काय वं?' मायनं रात्री फोटो पाह्यला. लय वेळ पाह्यला. 'हे ध्यान कोणाचं हाय, ते मले समजत नाही काय?' म्हणे, अन् उठून पोळ्या लाटाले बसली. बाबानं पाह्यला का नाही, मालूम नाही. मी इचारलं नाही.

१५ जानेवारी
केनवडची प्रयागबाई आज नवऱ्याले घेऊन आली. जानरावकाका. पन्नाशीचा माणूस, हात थरथरून राह्यले होते. बाईनं मोबाईल काढला. 'हाच काय तू? मंग याले सांग, बाप्पा. माहं हा ऐकत नाही.'
काका म्हणे, 'किती पेत होता?'
'लय.'
'सकाळीही?'
'सकाळीही.'
'मंग हात थरथरले त काय करे?'
मले काय मालूम! म्हटलं, 'डॉक्टरच्या गोळ्या घ्या, अन् मन झालं की थंडं पाणी प्या.' काकानं ते वहीत लिवून घेतलं.

१६ जानेवारी
वहीत लिवून घेतलं, साल्यानं!

२२ जानेवारी
काकाचा आठवा दिवस. घेतली नाही. रोज एसटीनं येते अन् सीदा माह्याजवळ बसते. प्रयागबाईनं मले हुरडा पाठवला. मी तो विकासले देऊन टाकला.
आता खरं सांगतलं त काका उठून सीदा दारूच्या दुकानात जाईन. नाही सांगतलं त मी जलमभर दारुड्या. फोटो काढून टाकाव म्हटलं, त काकानं तो मोबाईलच्या स्क्रीनवर लावून ठेवला हाय. त्याच्या खिशातून कसा काढू?

२७ जानेवारी
रविवारी केंद्रात सभा हाय. ताई म्हणे, 'तू बोल. अनुभव सांग. त्याचाच व्हिडिओ टाकू.' म्हटलं, घसा बसला. म्हणे, 'सहा दिवस हायेत, बसलेला उठते.'
काका म्हणे, 'मी समोरच बसतो. त्या दिवशी माहे एकोणीस होतात.'
पुण्याची गाडी किती वाजता हाय, ते पाहून ठेवलं.

१ फेब्रुवारी
गेलो नाही. स्टँडवर दोन घंटे बसलो अन् वापस आलो. लोकं सरकून बसत होते माह्यापासून.

२ फेब्रुवारी
माईक धरला. 'नमस्कार'च्या पुढं गाडी गेली नाही. दारातून बाबा आला — सकाळचे दहा, शुद्धीत, गळ्यात टेप. ताईले म्हणे, 'बाई, याले बसवा. यानं कधी पेली नाही. तो फोटो माहा हाय. तोंड तेवढं याचं.'
कोणी हासलं नाही. ताई माह्याकडं पाहून राह्यली, मी जानरावकाकाकडं. काकानं मोबाईल काढून फोटो पाह्यला, बाबाकडं पाह्यलं. मंग सतरंजीवर सरकला अन् बाबाले जागा देली.
'बसा,' म्हणे. 'पहिला दिवस लय जड जाते.'