काही त्रास नाही

सोमवार, दिवस पहिला
मजेत पोचले. नातीनं वही दिलीय, रोज लिही म्हणाली. चौथीनंतर मी किराण्याच्या यादीपलीकडे काही लिहिलं नाही, तेव्हा वाचणाऱ्यानं नाक मुरडू नये. जागा झकास आहे. पांढरीशुभ्र चादर, वाट्याला आख्खी खिडकी, आणि चहा कुणीतरी आणून हातात देतं. सुनेनं बघितलं तर तिला पोटदुखी होईल. नवी गोळी बाजारात यायच्या आधी धडधाकट माणसांना देऊन बघतात, ती ही जागा. आम्ही साठीच्या वरच्या आठ बाया. एकवीस दिवस राहायचं, रोज सकाळी दोन गोळ्या गिळायच्या, रक्त द्यायचं. मिळेल त्यात नातीची कॉलेजची फी भागते. चष्मेवाल्या डॉक्टरनं सोळा पानं भराभरा वाचून दाखवली, मी सही केली. विचारलं, मेले तर? तो हसला. मी हसले नव्हते.

बुधवार, दिवस तिसरा
शेजारच्या खाटेवर शिंपीण आहे. जन्मभर मशीन चालवलं, आता तोंड चालवते. वहीमुळे मला मास्तरीणबाई म्हणते. रोज सकाळी नर्सबाई कागद घेऊन येते आणि विचारते, काही त्रास? मग आपण सांगू ते लिहिते, खाली आपली सही. कोपऱ्यातल्या बाईनं आज खरं सांगितलं, चक्कर येते म्हणून. दुपारी पिशवी भरून तिला घरी धाडलं. तीन दिवसांचे पैसे हातावर ठेवले. मोठी रक्कम शेवटपर्यंत टिकेल तिलाच. आम्ही बाकीच्या तेवढ्यानं शहाण्या झालो.

रविवार, दिवस सातवा
शिंपिणीच्या बोटांना मुंग्या येतात. सुई टोचली तरी कळत नाही म्हणाली. नर्सबाईला सांगायला निघाली होती, मीच दटावलं. म्हटलं, मुंग्यांनी कुणी मेलंय का बाई, दोन आठवडे कळ काढ, डोळ्याचं ऑपरेशन करायचंय ना तुला? ती म्हणाली, मास्तरीणबाई, तुझ्या जिभेला हाड नाही, पण डोकं आहे. कागदावर त्रास नाही म्हणून सही केली. चहाचा कप तिच्या हातून दोनदा सुटला. माझा धक्का लागला असं मी सांगितलं. बाकीच्यांनाही तेच शिकवलं, की तोंड मिटून बसा.
नातीचा फोन आला. तिला म्हटलं, खातेय, लोळतेय, माहेरपणाला आल्यासारखी.

बुधवार, दिवस दहावा
शिंपीण चमचा तोंडाऐवजी गालाला लावते. नर्सबाई यायच्या आत आम्ही आळीपाळीनं तिची बटणं लावतो. आज सहीसुद्धा तिचा हात धरून मीच करून घेतली. हात बर्फासारखा.
माझ्या उजव्या अंगठ्याला जरा — थंडी असेल.

शनिवार, दिवस तेरावा
शिंपिणीची खाट रिकामी. चादर बदललेली. नर्सबाई म्हणाली, घरी गेली, तिचं जुनंच दुखणं होतं, गोळीशी संबंध नाही. रोज तिनंच लिहून दिलंय ना, त्रास नाही म्हणून.
घरी गेली तर चपला खाटेखाली कशा?

सोमवार, दिवस पंधरावा
मनगटापर्यंत कळत नाही. गरम चहात बोट बुडवून बघितलं. फोड आला. दुखला नाही.
नातीचा फोन. अठरा पुरी झाली, शुक्रवारी येतेय. भेटायला नाही. सही करायला. तरुणांची तुकडी भरतायत. म्हाताऱ्यांना इतकी छान सोसली, आता तरुणांना तिप्पट देऊन बघू, असं डॉक्टरनं तिला सांगितलंय. येऊ नकोस म्हटलं. ती हसली. आजी, एकटीच मजा करणार होय, म्हणाली.

मंगळवार
डॉक्टरला सगळं सांगितलं. माझं, शिंपिणीचं, सगळ्यांचं. त्यानं टाचणी टोचली. मी दचकले नाही. म्हणाला, धीट आहात. मग माझे सगळे कागद पुढ्यात मांडले, प्रत्येकावर माझी सही. शेवटी शेवटी सगळ्यांनाच दुखायला लागतं आजी, जास्त भरपाईसाठी, म्हणाला. अगदी गोड आवाजात.
उरलेल्या पाचजणींना विचारलं त्यानं. पाचहीजणी एका सुरात, काही त्रास नाही. माझ्याकडे बघितलंही नाही कुणी. मीच पढवलेल्या.

गुरुवार
जीभ जड. फोनवर सगळं सांगायला गेले, तर नात म्हणाली, तोंडात काय आहे, गिळून बोल की. डाव्या हातानं लिहितेय. तोही —

शुक्रवार
काचेपलीकडे बसलीय ती. केस नीट विंचरून. मला आत सोडत नाहीत. ओरडले — आवाज नाही, नुसती घरघर.
पान काचेला लावलं. मोठ्ठ्या अक्षरात लिहून. डोळे बारीक करून वाचतेय. अक्षर लागत नाही तिला. अंगठा दाखवून हसतेय —
डॉक्टर पानं उलटतोय. भराभरा.
पेन घेतलं तिनं. मी पुन्हा लिहिते. पोरी ऊठ तिथून, तुझ्या आजीनं खोटं सांगित—