देव पोचवायचं गाणं

कुंभिवली,
डिसेंबर १९८३

प्रिय पोपटदादा,

तुझी नवी कॅसेट मिळाली, आणि ती मिळाल्यापासून मला बसायला जागा राहिलेली नाही. ही तक्रार गंभीर आहे, तशीच ती घ्यावीस. आमच्या हॉटेलात गल्ल्याजवळ एकच धड खुर्ची आहे, वेताची, हातांची. तिच्यावर बसून मी इतकी वर्षं हायवेवरच्या ट्रकवाल्यांना चहा, भजी आणि अक्कल पुरवत आले. आता त्या खुर्चीवर आपली आई बसते, कारण टेपरेकॉर्डर तिथे शेजारी आहे. मी बसते सोड्याच्या बाटल्यांच्या उपड्या खोक्यावर. खोक्याच्या फळ्यांमध्ये फटी आहेत. चाळिशी उलटलेल्या, अंगाने भरलेल्या बाईला फटींवर बसवल्याचं पाप बंगलोरला बसून गिटार वाजवणाऱ्या माणसाला लागतं की नाही, हे मी गावदेवीला विचारणार आहे. आमचे हे म्हणतात, दुसरी खुर्ची आणू. लग्न झाल्यापासून ते असंच म्हणत आलेत, फक्त वस्तू बदलते.

कॅसेट आपल्या पोशीरच्या नामाने आणून दिली. बंगलोर लाइनला ट्रक चालवतो म्हणून तुझ्या-माझ्यात तोच एक पोस्टमन. कव्हरवर तुझा फोटो आहे. गिटार छान आली आहे. पण ती रुंद काठाची टोपी! आईने फोटो आधी डोळ्यांजवळ धरला, मग लांब धरला आणि विचारलं, "याच्या डोईवर घमेलं कशाला गं? गवंड्याच्या हाताखाली लागला का?" मी सांगितलं की अमेरिकेतले गुराखी अशी टोपी घालतात आणि ही त्यांचीच गाणी आहेत. तिला आपला गुराखी शुक्रा आठवला, इरल्याखाली बिडी विझू न देता दिवस काढायचा तो. "शुक्रा बरा दिसायचा," एवढंच म्हणाली. नाव वाचून दाखवलं नाही मी. तीस वर्षं वाजवल्यावर कंपनीने तुला 'पॉल' केलंय, हे तिला कळलं असतं तर कंपनीचं काही खरं नव्हतं. पोपट हे नाव तिने नवस बोलून ठेवलेलं आहे.

आई सध्या माझ्याकडेच असते. पोशीरला भात झोडून झालं आणि कर्जतला तिचं जरा काम निघालं, म्हणून आणलं. पोशीरहून कर्जत जवळ पडतं आणि इथून लांब, हे तू म्हणशीलच. म्हण. त्याचं पुढे लिहिते.

पहिली बाजू आम्ही सगळ्यांनी मिळून ऐकली. माथेरानच्या हॉटेलात त्या गोव्याच्या आंतोनकडून तू शिकलास, तीच ती बारमधली गाणी. तेव्हा तू नेरळच्या स्टेशनवरून साहेबांच्या ट्रंका डोक्यावर घेऊन वर जायचास आणि खाली येताना तोंडाने गिटारचे आवाज काढायचास. आम्हाला वाटायचं पोराला बाधा झाली. इंग्रजी गाण्यांचा अर्थ तू नामाला सांगितलास, नामाने मला सांगितला. एकात बायको सोडून गेलीय, दुसऱ्यात मालगाडी निघून गेलीय, तिसऱ्यात बाटली संपलीय. दादा, हे सगळं मी इथे रोज दुपारी फुकट ऐकते, तेही मराठीत. तरी खोटं कशाला बोलू, तिसऱ्या गाण्यात तू तारेवरून ती सळई सावकाश ओढतोस ना, तेव्हा भजी तळणारी पारू झारा हातात धरून उभी राहिली आणि एक घाणा जळाला. तो मी तिला खायला लावला.

मग बाजू उलटली आणि खरा घोळ तिथून सुरू झाला. दुसऱ्या बाजूला तू आपल्याकडची गाणी वाजवली आहेस, शब्दांवाचून, नुसत्या गिटारवर. गौरीचा नाच, लावणीचं गाणं, म्हणजे भाताच्या लावणीचं. बंगलोरच्या लोकांना हे कोण सांगणार? आणि शेवटी आईचा धवला. आई तोवर तांदूळ निवडत होती. धवला सुरू झाला आणि तिचा हात सुपात थांबला. आपल्या लग्नांत मांडवाच्या खांबापाशी बसून ती हेच गायची. एकेका देवाचं नाव घेऊन त्याला लग्नाला बोलावणं धाडायचं, गावदेवी, वेशीवरचा म्हसोबा, डोंगरातला वाघोबा, नदी, विहीर, मेलेले आजे-पणजे, कुणी राहायला नको. तू शब्द घातले नाहीस, पण ती चालीवर ओठ हलवत एकेक नाव लावत गेली. एकही चुकलं नाही म्हणाली. बायकांचं गाणं, धवलारणीनेच म्हणायचं, ते बाप्याने वाजवलं म्हणून रागावेल असं मला वाटलं होतं. ती तर खूश दिसली. मग कॅसेट खटकन थांबली. आई वाट बघत राहिली. थोड्या वेळाने मला म्हणाली, "आनी पोचवलं कोनी?"

मला आधी कळलंच नाही. मग कळलं आणि हसू आलं, आणि मग हसू गेलं. तू देवांना बोलावलंस, दादा, आणि परत पोचवलं नाहीस. मांडव सोडताना जे म्हणतात, ज्यात त्याच क्रमाने एकेकाला त्याच्या त्याच्या ठिकाणी नेऊन बसवायचं, ते गाणं तुझ्या कॅसेटवर नाही. आईचं म्हणणं सरळ आहे. "बोलावनं केलं, सगले येऊन बसले. आता जेवायला कोन घालील? ते परत कसे जातील? वाघोबा का टेम्पो करून जाईल?" मी म्हटलं, आई, ही कॅसेट आहे, लग्न नाही. ती म्हणाली, "देवाला काय ठाव, कॅसेट हाय का लगीन हाय? त्याला नाव ऐकू आलं, तो निघाला." एवढं बोलून तिने सूप बाजूला ठेवलं, माझ्या खुर्चीवर बसली आणि आमच्या हॉटेलात, तीन टेबलं भरलेली असताना, देव पोचवायचं गाणं म्हटलं. दोन ठिकाणी थांबून श्वास घेतला. आवाज आता चाळणीतून आल्यासारखा येतो. पण चाल जागची हलली नाही.

तेव्हापासून हाच नेम. कॅसेट लागली की आई खुर्चीवर, मी खोक्यावर. एकदा मी कॅसेट पिठाच्या डब्यात लपवली. तिने विचारलं नाही, शोधली नाही, नुसती जेवली नाही. हल्ली तसंही पेजेशिवाय काही गिळत नाही, पण त्या दिवशी पेजही ठेवली. मी डबा उघडून कॅसेट पुसून लावली. आणि ट्रकवाल्यांचं काय सांगू? त्यांनी यात आपला अर्थ काढलाय. म्हातारीने देव घरोघर पोचवले की त्याच रस्त्याने आपली गाडीही सुखरूप घाट चढते, असं कुणीतरी उठवलं. मला नामाचा संशय आहे. आता बिल देऊन झालेले लोक टेबलं अडवून बसतात. परवा मी नामाला म्हटलं, ऊठ की रे, गिऱ्हाईक ताटकळतंय. तर मलाच दटावतो, "इंदूबाय, मातारीचं हून जाऊ द्या, मंग निघतो. मागच्या खेपेला न ऐकता गेलो नि खंडाळ्यात टायर फुटला." टायर गुळगुळीत झाला होता हे तो सांगत नाही.

तुझ्याकडून हे गाणं कसं सुटलं, याचा मी खोक्यावर बसून बराच विचार केला. तिथे दुसरं काही करता येत नाही. तर असं आहे, की तू ते कधी ऐकलंच नाहीस. बोलावण्याच्या वेळी तू आईच्या मांडीला टेकून असायचास, पण पंगती उठल्या की तू वाजंत्र्यांच्या मागे पळायचास. मांडव सुटायच्या वेळी फक्त बायका आणि कुत्री उरायची. मी उरायचे, कारण लुगड्याचं आणि तांदळाचं गाठोडं मला उचलावं लागायचं. म्हणून शब्द मला पाठ आहेत, पुढूनही आणि मागूनही. पण मला सूर नाही, हे तुला माहीत आहे. मी अंगाई म्हटली की आमची पोरं उठून बसायची. आईने माझ्यावर दोन उन्हाळे घालवले आणि मग म्हणाली, "तू आपली भांडत जा." आता आपल्या बाजूच्या बाकीच्या धवलारणींनी हे गाणं केव्हाच आवरतं घेतलंय. दोन ओळी म्हणून नारळ घेऊन मोकळ्या होतात. सबंध गाणं एका आईकडे आहे.

मी शहाणपणा करून एक कोरी कॅसेट आणली आणि टेपरेकॉर्डरचं लाल बटण दाबून म्हटलं, म्हण. तिने बटणाकडे बघून तोंड मिटलं. म्हणाली, मी म्हणते ती शेजारीण म्हणून, कुणाचे पाहुणे रस्त्यावर राहायला नकोत म्हणून. ज्याने बोलावलं त्यानेच उंबऱ्यापर्यंत पोचवायला हवं. "त्याला बसू दे हितं. मी म्हनते, त्याने वाजवावं. मंग तुझं बटन दाब नायतर नको दाबू." तुझ्यावर रागावलेली नाही, दादा. तू येतोस तेव्हाही जेवणापुरता येतोस, त्यावरही ती कधी बोललेली नाही. तू इथे बसून वाजवावंस, हेही तिने बोलण्याच्या ओघातच सांगितलं, पेजेत मीठ कमी आहे असं सांगावं तसं.

आता पुढचं. कर्जतच्या डॉक्टरांनी तिच्या घशात बॅटरी मारून पाहिलं आणि मुंबईला धाडलं. गाठ आहे. मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं की आवाजाची पेटी काढावी लागेल, तर ती जगेल; येत्या गुरुवारी ऑपरेशन. इथून ये-जा करायला आमच्या ह्यांच्या ओळखीची गाडी मिळते, म्हणून ती माझ्याकडे आहे. डॉक्टरांनी तिला नीट समजावलं. तिने सगळं ऐकून विचारलं की काढलेली वस्तू घरी न्यायला देतात का. डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले, मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे. तुला कळवायचं नाही असं तिने बजावलंय. तू घाबरून येशील आणि घाबरलेल्या हाताने वाजवशील, असं ती म्हणते. कॅसेट पुन्हापुन्हा का लावायला सांगते तेही मला आता कळलंय. गाण्याच्या निमित्ताने गळा अजून आहे का ते ती पाहून घेते. म्हणून हे पत्र. नामा आज माल घेऊन तिकडे येतोय, परतताना त्याच्या केबिनमध्ये तुझ्यासाठी जागा ठेवणार आहे. गिटार घेऊन ये, ती सळई विसरू नकोस, आणि टोपी तिथेच ठेव. बुधवारी सकाळी आम्ही निघू, त्याआधी ये. एक आणखी. धवला म्हटला की धवलारणीला मान द्यावा लागतो, आणि तो बोलावणाऱ्याने द्यायचा असतो. मी काल खोपोलीला जाऊन नऊवारी लुगडं आणि नारळ आणला आणि तू नामाबरोबर पाठवलंस असं सांगून तिच्या ओटीत घातला. तिने काठ उलटून पाहिले, मग एकदा माझ्याकडे पाहिलं. नेसली नाही, मान शेवटचं गाणं झाल्यावर घेतात. घडी न मोडता हॉस्पिटलच्या पिशवीत सगळ्यात वर ठेवलंय. तिने विचारलंच तर वांगी रंग सांग, काठ पिवळे.

तुझीच,
सध्या खोक्यावरून,
इंदू