बाहेरची डिस्क काढा

६ तारीख, सोमवार, संध्याकाळ
आजपासून शिस्त. ऑफिसात फुकट मिळालेला पेन ड्राइव्ह किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवला. घरी आलो की आधी जुडगा कम्प्युटरच्या मागे खोचायचा, मगच बटण दाबायचं. बॅकअप विसरणार नाही आणि किल्ल्याही हरवणार नाहीत. सकाळी जाताना जुडगा खिशात.

घरात बेशिस्त फार. बायको चिमण्यांच्या घरट्यांवर प्रबंध लिहिते आहे. पन्नाशीला आल्यावर हे डोहाळे. सतरा तारखेला द्यायचा, आणि अजून शेवटची तीन प्रकरणं कच्ची. भाषा मी तपासून देतोय. पहिल्या प्रकरणात लाल रंगाने इतक्या दुरुस्त्या केल्या की तिचं मूळ वाक्य शोधावं लागतं. आज दुसरं प्रकरण घेणार.

सोमवार, जरा वेळाने
कम्प्युटर सुरू होत नाही. काळा पडदा, त्यावर एकच ओळ: बाहेरची डिस्क काढा आणि कोणतीही कळ दाबा. सीडीचा कप्पा उघडला. आत सीडी नाही, एक मेलेलं झुरळ. म्हणजे यंत्र धडधडीत खोटं बोलतंय. शिसारी आली.

हिला सांगितलं, उद्या चालू करून देतो. माझ्या डाव्या हातचा मळ आहे.

७, मंगळवार
ऑफिसात कम्प्युटर बघणाऱ्याला विचारलं. म्हणाला, मागे काही लावलंय का बघा. मी म्हटलं, वायरी लावल्यात, वायरीच लावतात मागे. अशी माणसं पगार घेतात.

घरी येऊन जुडगा खोचला, बटण दाबलं. तीच ओळ. कोणतीही कळ दाबा म्हणतो, म्हणून सगळ्या दाबल्या. कीबोर्ड उलटा केला तर बिस्किटांचा चुरा, नखं आणि एक काळी चिकट गोळी. इथे बसून खातं कोण, असं जोरात विचारलं. ही म्हणाली, तुम्हीच. विषय बदलला.

९, गुरुवार
काल वैतागून लिहिलं नाही.

मला वाटलं होतं ही रडेल. तीन वर्षांचं काम आत अडकलंय, दुसरी प्रत नाही. पण ही उलट म्हणाली, तुम्ही बघताय ना, मग मला काळजी नाही. भरून आलं. इतक्या वर्षांत असं कधी म्हणाली नव्हती.

मेहुण्याचा फोन आला, येऊन बघू का म्हणून. मेहुणा म्हणजे उथळ पाण्याला खळखळाट फार. मी नको म्हणायच्या आत हीच त्याला म्हणाली, तू नको येऊस, यांचं यांना करू दे. भावापुढे नवऱ्याची बाजू घेतली. नोंद करून ठेवतो.

१०, शुक्रवार
कॅबिनेट उघडलं. आत काय होतं ते लिहवत नाही, तरी लिहितो. पंख्यावर राखाडी लोकर साचलेली, कोपऱ्यात पालीची शेपटी. नुसती शेपटी. जेवण गेलं नाही.

न्हाणीघरातल्या जुन्या टूथब्रशने सगळं घासलं. तो जुना नव्हता, माझा होता, हे दात घासताना कळलं. मेमरीची पट्टी काढून खोडरबराने पुसली. जोडाजोड झाल्यावर दोन स्क्रू उरले. कंपन्या उगाच जास्तीचे घालतात.

जुडगा, बटण, तीच ओळ. ही स्वयंपाकघरातून म्हणाली, हार्ड डिस्कला तेवढा हात लावू नका, बाकी काय उघडायचं ते उघडा. आणि आवरून ठेवत जा.

१२, रविवार
सुट्टी. सकाळपासून बसायचं ठरवलं होतं. पण हिला आठवलं की आत फवारायचा स्प्रे लागेल. मोठ्या बाजारातच चांगला मिळतो म्हणाली, घाई करू नका, चार दुकानं हिंडा. किल्ल्या घेऊन निघालो. चार दुकानं हिंडलो. एकजात चोर. शेवटचा तर नवा कम्प्युटर गळ्यात मारत होता.

परत आलो तर कॅबिनेट चक्क कोमट. बंद यंत्र गरम होतंय म्हणजे वीज गळते आहे. हे कोणाच्या लक्षात आलं असतं? हिला बजावलं, हात लावू नकोस, शॉक बसेल. जपून असते म्हणाली.

१४, मंगळवार
तीच ओळ. आता ती डोळे मिटल्यावरही दिसते. या यंत्राकडे बघायचीही किळस वाटू लागली आहे.

हिची मात्र दया येते. हिला जवळ बसवून धीर दिला. म्हटलं, चिमण्या कुठे पळून जात नाहीत, प्रबंध पुढच्या वर्षी देता येईल. ही हसली. दुःख फार झालं की माणूस असाच हसतो.

१७, शुक्रवार
ही प्रबंध देऊन आली.

एक प्रत टेबलावर ठेवली. जाडजूड, निळ्या कापडात बांधलेली. कुठे लिहिलास, विचारलं. आपल्याच कम्प्युटरवर म्हणाली. बंद पडला त्याच्या दुसऱ्याच दिवशी तुम्ही ऑफिसला गेल्यावर सहज बटण दाबून पाहिलं, तर झाला सुरू. तो पेन ड्राइव्ह मागे असला की अडतो, तुमच्या खिशात गेला की चालतो. रोज सकाळी लिहीत होते. रविवारी बाजारात गेलात तेव्हा शेवटचं प्रकरण झालं.

मग सांगितलं का नाहीस, असं विचारलं. म्हणाली, सांगितलं असतं तर तुम्ही दुसरं प्रकरण तपासायला बसला असता.

वाईट वाटलं. खोटं कशाला लिहू, फार वाईट वाटलं. प्रत चाळली. वाक्यं लांबलचक आहेत. तरी वाचत गेलो आणि मध्ये कुठेही अडलो नाही, याचा जास्त राग आला.

जेवताना म्हणाली, परीक्षकांनी बदल सुचवले तर पुन्हा आठवडाभर बसावं लागेल, तेव्हा तुम्ही वॉशिंग मशीन बघाल का?

वॉशिंग मशीनला काय झालंय, विचारलं.

म्हणाली, अजून काही नाही.