लाँड्रीतला पक्ष

३ मार्च, मंगळवार

परवाच्या पानावर मी लिहिलं आहे — "पक्षस्थापनेचा ठराव एकमताने मंजूर, सगळ्यांचे हात वर!" हे चूक आहे. एकही हात वर झाला नव्हता.

मुद्दाम खोटं नाही लिहिलं. रविवारी सभेहून घरी आले ती इतकी हवेत होते, की जे व्हायला हवं होतं तेच आठवलं. आज आत्याने, पक्षाची अध्यक्ष म्हणून, सभेचं इतिवृत्त मागितलं. लिहायला बसले, तो क्षण डोळ्यांसमोर आणला आणि चूक दिसली. पक्षाचे कागद करणारे वकीलसाहेब म्हणाले होते, "ठरावाच्या बाजूने असतील त्यांनी हात वर करा." समोर सगळी लाँड्री बसलेली. सगळ्यांचे हात मांडीवर! वकीलसाहेबांचा चेहरा पडला. आत्या म्हणाली, "झाला मंजूर. पुढचं घ्या." आणि धो धो टाळ्या.

आमच्या लेखी तो खरंच मंजूर झाला होता. रोलर हॉलमध्ये हॉस्पिटलांच्या, हॉटेलांच्या चादरी दिवसभर त्या तापलेल्या रोलरखालून जातात. आवाज असा, की शेजारणीचं बोलणं ऐकू येत नाही. तिथे हात वर केला की अर्थ एकच — थांबवा, कुणाचं तरी काहीतरी अडकलंय! खटकेवाला तिकडून तत्क्षणी रोलर बंद करतो. पहिल्या दिवशी कामावर आलेल्या मुलीला आधी हेच शिकवतात. हात खाली, म्हणजे चालू दे.

पण निवडणूक आयोगाला हे कोण सांगणार? पक्षनोंदणीच्या अर्जासोबत मला, सचिव म्हणून, शपथेवर लिहून द्यायचंय की इतिवृत्त खरं आहे.

४ मार्च, बुधवार

आत्याला सांगितलं. ती पावत्या लावत होती. मान वर न करता म्हणाली, "विरोध कुणाचा होता का?"

"नाही."

"मग झालं तर. लिही, एकमताने."

"पण आत्या, मोजलंच नाही. किती बाजूने हे मला माहीत नाही."

"तुला माझ्यावर विश्वास नाही?"

अक्षरं तिनेच शिकवली मला, चादरींच्या कोपऱ्यावर शिवलेल्या नावांवरून. शाळेत गेले ती एकदम चौथीत. तोवर ही लाँड्री आणि आत्या हीच शाळा. अंदाजाने पुढचं अक्षर सांगितलं की पट्टी बसायची. "दिसतंय तेवढंच वाच!" आता दिसतंय तेवढंच लिहिते, तर म्हणते विश्वास नाही.

बाबांना विचारलं. ते बॉयलरवर असतात; बोलणं मुळातच कमी, त्यातून आत्या त्यांची मोठी बहीण. म्हणाले, "ताईशी वाद घालून मी कधी जिंकलेलो नाही. तू बघ बाई."

५ मार्च, गुरुवार

सारखी चूक सापडते का बघत राहायचा हा माझा स्वभाव कधी जाणार?

९ मार्च, सोमवार

वकीलसाहेबांना सगळं सांगून टाकलं. त्यांना वाटलं होतं लोकांना पक्ष नकोच आहे. त्या सभेपासून ते आमचं प्रकरण सोडायच्या विचारात होते! हसून हसून खुर्चीतून पडायचे बाकी राहिले. मग गंभीर झाले. "ताई, हे असंच पाठवलं असतं आणि उद्या कुणी तक्रार केली असती, की मतदान झालंच नाही, तर अख्खी नोंदणी गोत्यात आली असती. सभा परत घ्या. स्थापनेची तारीखही तीच नवी धरू. तिथून तीस दिवसांत अर्ज पोचला म्हणजे झालं."

हे आत्याला मी नाही, त्यांनीच सांगितलं. मी दाराआड उभी होते. (भित्री!) आत्या एवढंच म्हणाली, "घ्या सभा. पण चहा त्या पोरीच्या पगारातून."

ती पोरगी म्हणजे मी.

१५ मार्च, रविवार

आज पक्ष जन्माला आला! खराखुरा!

या वेळी सभा रोलर हॉलमध्येच घेतली. मशीनं बंद. इतक्या वर्षांत तो हॉल मी शांत कधी पाहिला नव्हता. लोक सवयीने ओरडूनच बोलत होते आणि आपलाच आवाज ऐकून दचकत होते.

आत्याने आधी बोलून घेतलं. छान बोलली. तीन पक्षांनी आम्हाला नगरपालिकेचं तिकीट कबूल केलं होतं, आणि तिन्ही वेळा ते मालकाच्या मेव्हण्याला मिळालं. "दर वेळी पक्ष वेगळा, मेव्हणा तोच!" हॉल दणाणला. पुढच्या वर्षी पुन्हा निवडणूक आहे. या वेळी तिकीट मागायचं नाही, आपण द्यायचं!

मग मी उभी राहिले. म्हटलं, "आज मशीन बंद आहे. कुणाचं काही अडकणार नाही. आज हात वर म्हणजे हो." कुणीच हलेना. मग चादरींवर नावं शिवणाऱ्या मावशींनी उजवा हात वर केला. त्या हाताला दोन बोटं नाहीत; हात वर करायचा नियम आला तो त्यांच्या अपघातानंतर. मग इकडून एक, तिकडून दोन. तेवढ्यात मागून खटकेवाला ओरडला, "अरे, बंद करू का काय?" — जो हशा पिकला! आणि हशातच सगळे हात वर गेले. दंडापर्यंत वर, कपडे वाळत घालताना जातात तसे. मी मोजत होते आणि डोळ्यांत पाणी, त्यामुळे परत मोजावं लागलं.

"विरोधात?"

एक हात. तोफ. घडीच्या टेबलावर माझ्यासमोर असते ती. आवाजामुळे तोफ. "पक्षाला माझा विरोध नाही. नावाला आहे. 'नवी घडी' म्हणजे काय चादरींचं दुकान आहे का?"

आत्या माझ्या कानात — "ते नको लिहूस."

लिहिलं. एक विरोधात. आभाळ कोसळलं नाही. उलट तोफेलाच सगळ्यांनी दुसरा चहा पाजला. (माझ्या पगारातून.)

१६ मार्च, सोमवार

इतिवृत्तावर सही केली. ठसठशीत!

३० मार्च, सोमवार

आयोगाच्या कार्यालयात अर्ज दिला. किमान शंभर सदस्य लागतात. मतदारयादीत नाव असलेले, दुसऱ्या कुठल्याही पक्षात नसलेले, आणि प्रत्येकाचं तसं प्रतिज्ञापत्र. बाबांचं ऐन वेळी अडलं. कधीकाळी कुठल्याशा पक्षाची पावती फाडली होती म्हणे. "टोपी फुकट देत होते म्हणून." तिथे जाऊन राजीनामा द्यावा लागला. त्या पक्षाला बाबा आपल्यात आहेत हे माहीतच नव्हतं. राजीनामा घेताना त्यांना फार वाईट वाटलं.

खिडकीवरच्या बाई करड्या वाटल्या. कागद उलटत गेल्या, चष्म्यावरून पाहत गेल्या. राज्यघटनेवर निष्ठेचं कलम आहे का? आहे. इतिवृत्ताशी थांबल्या. "एक विरोधात?"

"हो."

"बरं वाटलं. इथे येणारे सगळे पक्ष एकमतानेच जन्मतात." आणि धाडकन शिक्का मारला!

आत्या बाहेर बाकावर थांबली होती; बसमध्ये तिला सांगितलं. ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "बाई शिकलेली दिसते." एवढंच. पण उतरताना माझी पिशवी तिने घेतली.

२४ एप्रिल, शुक्रवार

आयोगाचं पत्र. त्रुटी! पण एकच आहे. पक्षाच्या घटनेत आत्याने घातलं होतं, "अध्यक्ष आजीव राहतील." आयोग म्हणतो, चालणार नाही. पदाधिकारी ठरावीक मुदतीने (वकीलसाहेबांनी तीन वर्षं धरली), पक्षातल्या निवडणुकीने निवडले पाहिजेत; उमेदवारी सर्व सदस्यांना खुली पाहिजे.

मी त्या कलमाबद्दल आधीच बोलायला हवं होतं का? बोलले होते. हळू.

२५ एप्रिल, शनिवार

आत्याने पत्र वाचलं. दोनदा. "म्हणजे दर तीन वर्षांनी मी परीक्षेला बसायचं?"

तोफ म्हणाली, "आम्ही तर रोज बसतो बाई तुमच्या परीक्षेला."

आत्या आधी हसली, मग बाकीचे. "घाला ते कलम. घ्या निवडणूक. माझ्यासमोर उभं कोण राहणार ते तरी कळू दे!"

मीच लिहिलं ते कलम. अक्षर सुंदर आलं.

९ जून, मंगळवार

वर्तमानपत्रांत आमची जाहीर सूचना! नाव, पत्ता, पदाधिकारी; कुणाची हरकत असल्यास आयोगाला कळवावे. मालकाच्या जाहिरातीच्या बरोब्बर खाली आलीय. खटकेवाल्याने पान कापून रोलरच्या खांबावर चिकटवलं. मालक येऊन पाहून गेला. म्हणाला, "वर माझी जाहिरात चांगली आलीय."

१३ जुलै, सोमवार

हरकतींची मुदत संपली. एकच आली होती, मेव्हण्याची. "हा पक्ष नसून धुलाईचा धंदा आहे." आयोगाने खुलासा मागवला. वकीलसाहेब चार पानं लिहिणार होते. आत्याने सांगितलं, "एक ओळ लिहा. धंदा मालकाचा आहे, पक्ष आमचा आहे."

तेवढीच पाठवली. अशा वेळी तिचा असा अभिमान वाटतो, की बस!

२१ ऑगस्ट, शुक्रवार

आलं! आलं! आलं!

नोंदणी झाली! पोस्टमनने पाकीट बॉयलरवर बाबांच्या हातात दिलं. बाबा ते घेऊन धावत हॉलमध्ये. बाबा आणि धावत! त्या आवाजात काय सांगणार, म्हणून कागदच डोक्यावर धरला. खटकेवाल्याने हात पाहिला आणि रोलर बंद. अचानक शांतता. आणि त्या शांततेत बाबा ओरडले, "आपला पक्ष झाला!"

असा आवाज बाबांना आहे हे मला माहीत नव्हतं.

आत्याने पत्र वाचलं, दुमडलं आणि मला जवळ घेतलं. सगळ्यांसमोर. म्हणाली, "तू परत सभा घ्यायला लावलीस म्हणून हे झालं." मी रडले ते रडलेच. मावशी म्हणाल्या, "चादरीला पूस नाक, धुवायचीच आहे."

२३ ऑगस्ट, रविवार

मिरवणूक! पाच गल्ल्या. लोक गॅलऱ्यांतून हात हलवत होते. दिवसभर उकाडा, पाय सुजले, आणि तरी संपू नये असं वाटत होतं.

वकीलसाहेब मध्येच गंभीर. "लक्षात घ्या, ही नोंदणी आहे, मान्यता नाही. मान्यतेसाठी ठरावीक मतं पडावी लागतात, जागा याव्या लागतात. तेव्हा कुठे कायमचं चिन्ह राखून मिळतं. तोवर मोकळ्या चिन्हांतलं मागायचं."

तोफ म्हणाली, "साहेब, आज बारसं आहे. लग्नाचं काय काढलंत?"

मग चिन्हावरून जुंपली. शिडी, किटली, कुलूप, छत्री. बाबांना किटली हवी. "निदान वाफ तरी आहे."

३० ऑगस्ट, रविवार

पक्षातली पहिली निवडणूक पुढच्या महिन्यात. अध्यक्षपदाचे अर्ज ७ सप्टेंबरपर्यंत, मतदान २० ला. आज आत्या म्हणाली, "त्याचं इतिवृत्त आजच लिहून टाक. 'बिनविरोध निवड.' नंतर हॉटेलांची गर्दी सुरू होईल, तुला वेळ व्हायचा नाही."

"अजून मुदत आहे, आत्या."

"कोण भरणार आहे अर्ज?"

तिने ते चिडून विचारलं नाही. अगदी सहज. तेच जास्त लागलं. इतकी माणसं, इतकी धडपड, आणि निकाल आधीच लिहून ठेवायचा? मग मेव्हण्याचं काय चुकलं? मी म्हटलं, "झाल्याशिवाय नाही लिहिणार." दाराआडून नाही, समोर म्हटलं.

आत्या पावत्या लावायला लागली.

२ सप्टेंबर, बुधवार

तोफेला म्हटलं, तू भर अर्ज. तिने घडी घालता घालता मान हलवली. "मला भांडायला आवडतं, सांभाळायला नाही. तू का भरत नाहीस?"

मी हसले. ती हसली नाही.

आत्यापेक्षा मी चांगली आहे का? नाही. अजून नाही. पण नगरपालिकेचे उमेदवार ती एकटीच ठरवणार, हे ती धरूनच चाललीय. मला ते सगळ्यांना विचारून ठरवायचे आहेत. हे सांगायला तरी कुणीतरी हवं. हरले तर हरले. मतं मोजली जातील!

संध्याकाळी बाबांना सांगितलं. ते कितीतरी वेळ हात पुसत राहिले. स्वच्छच होते हात.

४ सप्टेंबर, शुक्रवार

अध्यक्षपदासाठी माझा अर्ज लिहून झाला. सूचक — तोफ. अनुमोदक — बाबा. सही त्यांनी आपणहून, उभ्या उभ्या केली. आधी आत्याला दाखवणार, मग वकीलसाहेबांकडे देणार. सोमवारी, ७ सप्टेंबरला, सकाळची पाळी सुटली की.